व्यसनमुक्ती केंद्र शोधताय? पाटी बघून नको, हे विचारून ठरवा

'चांगलं व्यसनमुक्ती केंद्र कुठलं हो?' हा प्रश्न बहुतेक घरांत फार उशिरा विचारला जातो. तोवर पगार घरी यायचा बंद झालेला असतो, एखादा अपघात झालेला असतो, नाहीतर घरातल्या बाईच्या अंगावर वळ उठलेले असतात. मग एका रात्रीत निर्णय होतो. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर नंबर पाठवतो, गाडी येते, तिघं-चौघं माणसाला उचलून नेतात आणि घरचे 'निदान तीन महिने तरी सुटलो' म्हणून श्वास सोडतात. नेलं कुठं, तिथं डॉक्टर आहे का, केंद्र सरकारदरबारी नोंदलेलं आहे का, हे त्या रात्री कुणी विचारत नाही. आणि एक प्रश्न तर नंतरही विचारला जात नाही: तिथं त्याच्याशी बोलणार कुठल्या भाषेत?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला तीन राज्यांतली केंद्रं हाताशी आहेत. पण पर्याय वाढले की निवड सोपी होते असं नाही. उलट गोव्यातली दारू घाट चढून येते तशा जाहिरातीही तिन्ही बाजूंनी येतात.

आधी ठरवा, दाखल करायची गरज आहे का

व्यसनाचा उपचार म्हणजे दाखल करणं, असं आपल्याकडं पक्कं बसलंय. ते खरं नाही. अनेकांचं काम बाह्यरुग्ण विभागात, औषधं आणि ठरावीक भेटींवर होतं. गोव्यातच याचा चांगला दाखला आहे. 'संगात' या संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठका घेतल्या. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हेच प्रमाण २६ टक्के होतं. यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेले नव्हते, त्याच्या अलीकडच्या टप्प्यावरचे लोक होते, हे लक्षात ठेवा. पण गावात आपल्याला दिसणारे अनेक पिणारे त्याच टप्प्यावर असतात, आणि त्यांना तीन महिने कुठं डांबायची गरज नसते.

दाखल करावं लागतं ते वेगळ्या लोकांना. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय चालत नाही, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती, भास झाले होते, कावीळ झाली आहे, जीव द्यायची भाषा करतो, अशांना. या माणसानं घरच्या घरी एकदम दारू सोडणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: वेळ-जागा कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, घाम फुटतो. वेळेत उपचार नाही मिळाला तर यात माणूस दगावतो.

आपल्याकडं पंढरीची माळ घालून दारू सोडणारे खूप आहेत, आणि कित्येकांची सुटलीही आहे. माळेला कोण नाही म्हणणार? पण रोज दोन क्वार्टर रिचवणाऱ्यानं माळ घालायच्या आधी डॉक्टरला दाखवावं. पहिल्या आठवड्यात झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व लागतं. 'सलाईन लावा, उतरेल' हा गावातला उपायही जपून करावा. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला ब-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला तेवढं विचारायला लाजू नका.

गर्द, अफूच्या गोळ्या किंवा इंजेक्शनचं व्यसन असेल तर धोका दुसरा आहे. काही आठवडे केंद्रात राहून आलेल्या माणसाचं शरीर ती सवय विसरलेलं असतं. बाहेर येऊन त्यानं जुन्याच प्रमाणात घेतलं तर श्वास थांबून मरण येऊ शकतं. अशा रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ चालू ठेवणारं सरकारी केंद्र गाठणं जास्त शहाणपणाचं.

आणि ती चहातून द्यायची पुडी. 'न कळत दारू सोडवा' अशी जाहिरात करणाऱ्यांच्या पुडीत काय असतं हे घेणाऱ्याला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. लपवून कधीच नाही.

जायचं कुठं

सुरुवात फोननं करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. मराठीत बोलायचं आहे हे सुरुवातीलाच सांगा.

त्यानंतर सरकारी रुग्णालय. बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात. कर्नाटकात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली हा दिवस मंगळवार ठेवलेला आहे, तरी आपल्या तालुक्यात कोणत्या आठवड्याला येतात ते आधी विचारून जा. धारवाडची डिमहॅन्स ही मोठी संस्था बेळगावहून साधारण दोन तासांवर. त्याहून गुंतागुंतीच्या केससाठी बेंगळुरूची निमहॅन्स, तिथं व्यसनांसाठी स्वतंत्र विभाग आहे. गोव्यात बांबोळीची मनोरुग्णालय संस्था, जिथं कोकणी-मराठी दोन्ही चालतात. आपले बाहेरचे वाचकही आहेत: इंदुरात बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा, बडोद्यात कारेलीबागेतलं मानसिक रुग्णालय, हैदराबादेत एर्रागड्ड्याची संस्था. 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून लोक तिथं जायला कचरतात. पण झटके आले, भ्रम झाला तर रात्री दोन वाजता सांभाळायला डॉक्टर अशाच ठिकाणी असतो.

तिसरा पर्याय म्हणजे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर सेवाभावी संस्था चालवतात ती एकात्मिक पुनर्वसन केंद्रं. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र १४४४६ वर कळतं.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत त्यामागं होती. तिथला निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा, सगळं मराठीत, आणि रुग्णांच्या बायकांसाठीही वेगळा गट. धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरंही आपल्या भागात होतात, साधारण आठवडाभराची. ज्याला झटक्यांचा धोका नाही आणि गावचे चार लोक बरोबर येणार आहेत, त्याला शिबिराचा उपयोग होतो. इतरांनी आधी दवाखाना गाठावा.

नोंदणी, ३० दिवस आणि कुलूप

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक विकारही येतात. त्यामुळं असे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राला ते ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. निपाणीच्या माणसाला कागल ओलांडून नेलं तर प्रमाणपत्र महाराष्ट्राचं बघायचं, कर्नाटकाचं नाही. सोसायटी नोंदणी, ट्रस्टचा नंबर, जीएसटी यांतलं काहीच त्याच्या जागी चालत नाही. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे, पुढं तो ५ लाखांपर्यंत जातो.

याच कायद्यानं आणखी एक गोष्ट केली, जी घरच्यांना फारशी आवडत नाही. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो मागेल तेव्हा त्याला सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं असेल तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी करावी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवून. बाई असेल तर ३ दिवसांत. म्हणजे बायकोनं नाहीतर भावानं कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि सहा महिने कुलूप लावलं, याला कायद्याचा आधार नाही. साखळीनं बांधणं तर कुठल्याही परिस्थितीत बेकायदेशीर.

घरच्यांची अडचण खोटी नाही. मार खाऊन खाऊन थकलेल्या बाईला 'त्याची संमती घ्या' सांगणं सोपं असतं. पण मारहाणीपासून संरक्षणासाठी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे, तो वापरावा. व्यसनमुक्ती केंद्राचा तुरुंग केला की माणूस बाहेर येतो तो सूड मनात धरून, आणि पहिला राग घरावरच निघतो.

भाषेचा प्रश्न लहान नाही

कन्नड येतं की सगळ्यांना, असं आपण म्हणतो. बाजारात येतं, बसमध्ये येतं. पण 'मी पोरीचे दागिने विकले' हे माणूस कुठल्या भाषेत बोलतो? समुपदेशन हे सगळं बोलण्यावरच उभं असतं. गटात पंचवीस जण कन्नडमध्ये बोलतात आणि एक मराठी माणूस मान डोलावत बसतो, तो दीड महिना बसून येतो आणि 'बरं होतं' एवढंच सांगतो. हैदराबादेत तेलुगूचं आणि बडोद्यात गुजरातीचं हेच.

वर सांगितलेल्या कायद्यात रुग्णाला स्वतःचा आजार, उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो मागून घ्या, भांडून नव्हे. 'मराठी बोलणारा समुपदेशक आहे का, आठवड्यातून किती वेळा एकट्याला भेटेल?' एवढं विचारलं तरी केंद्र कसं आहे ते कळायला लागतं. नसेल आणि बाकी सगळं चांगलं असेल, तर औषधोपचार तिथं आणि समुपदेशन मराठी समुपदेशकाकडं, अशी वाटणी करता येते का ते डॉक्टरांनाच विचारा.

फोनवर नको, जाऊन बघा

एक माणूस आधी पाठवा. रुग्ण बरोबर नको. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का बघा. डॉक्टर कधी येतात असं विचारलं की 'येतात की' असं उत्तर येतं. मग वार आणि वेळ विचारा, आणि रात्री फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता ते विचारा. जेवणाच्या वेळेला जा. आत असलेल्या एखाद्याशी दोन मिनिटं बोलू देतात का? घरच्यांना पहिला फोन किती दिवसांनी? पहिला महिनाभर भेट नाही, फोन नाही असं सांगणाऱ्या केंद्राकडं पाठ फिरवावी. आलेल्या प्रत्येकाला तीन किंवा सहा महिने असा एकच ठोकळा देणाऱ्याकडंही. आणि '१०० टक्के गॅरंटी' हे शब्द ऐकले की तिथूनच परतावं. हा आजार उलटतो, आणि चांगलं केंद्र ते पहिल्या भेटीतच सांगतं.

पैशांचं लेखी घ्या. राहणं, जेवण, औषधं, तपासण्या, गाडी, सगळं वेगवेगळं. मध्येच सोडलं तर परत किती? आरोग्य विमा असेल तर कायद्यानं विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा द्यावा लागतो, मात्र व्यसनाबद्दल पॉलिसीत काय अट आहे ती ओळ वाचून घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना खुली केली आहे. पण योजना म्हणजे ठरावीक उपचारांची यादी असते. त्या यादीत आपला उपचार आहे का, हे दाखल व्हायच्या आधी रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारावं, नंतर नाही.

घरी आल्यावर

दोन केंद्रं सारखीच वाटली तर घराजवळचं निवडा. दूरच्या नावाजलेल्या केंद्रात महिना चांगला जातो, पण पुढचे अकरा महिने याच गल्लीत, याच मित्रांत काढायचे असतात. पुण्याला गेलात तरी बेळगाव-कोल्हापूरकडं पुढची भेट कुठं, कोणाकडं, हे निघतानाच ठरवून घ्या. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मोठ्या गावांत होतात, घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. पैसे लागत नाहीत.

केंद्र सोडताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. त्यावर निदान, दिलेल्या औषधांची नावं आणि मात्रा, कुठलं औषध किती दिवस, आणि पुढची तारीख हवी. काही ठिकाणी नुसत्या गोळ्यांची पुडी हातात देतात. गोळ्या संपल्यावर तुमच्या गावचा डॉक्टर त्या पुडीवरून काहीच ओळखू शकत नाही.

देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांपैकी एकाला. तुमच्या घरातला माणूस त्या एकात यायचा असेल तर एक फोन, एक सरकारी ओपीडीची फेरी आणि एका केंद्राची प्रत्यक्ष भेट, एवढं या आठवड्यात होऊ शकतं. ओपीडीला जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि रोज किती व काय पितो याची खरी नोंद बरोबर न्या.