शिशाच्या शिपायांचा खेळ

शिशाचा शिपाई म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें लहान मुलाच्या हातांतील खेळणें उभें राहतें. बोटाएवढा पुतळा, खांद्यावर बंदूक, अंगांत तांबडा डगला. चार दिवसांत त्याचें डोकें मोडावयाचें आणि तो केरांत जावयाचा. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत असे हजारों प्रौढ गृहस्थ आहेत कीं, ज्यांच्या घरीं अशा पुतळ्यांच्या पलटणीच्या पलटणी कपाटांत ओळीनें उभ्या असतात. यांत कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी टपाल वांटणारे, तर कोणी पेन्शन घेऊन बसलेले आजोबा असतात. दिवेलागणीनंतर भिंग लावून ते एकेका शिपायाच्या कोटाचीं बटणें रंगवितात, आणि वर्षांतून एकदोनदां ती सेना पेट्यांत भरून दूरच्या संमेलनास घेऊन जातात. या छंदास तिकडे मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. आपण त्यास लघुरणक्रीडा म्हणूं. हा खेळ निघाला कसा, खेळतात कसा, आणि साठी उलटलेलीं माणसें त्यांत इतकीं कां रमतात, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

या खेळाचा मूळ पुरुष बुद्धिबळ होय. बुद्धिबळांत हत्ती, घोडे, प्यादीं आहेत खरीं. पण पटावर डोंगर नाहीं, नदी नाहीं, चिखल नाहीं, आणि मारलेलें प्यादें हटकून मरतेंच. ही उणीव भरून काढण्याचा यत्न अठराव्या शतकांत जर्मनींत सुरू झाला. १७८० सालीं ब्रुन्स्विक येथील हेल्विग नांवाच्या पंडितानें पट पुष्कळ मोठा केला व घरांना निरनिराळे रंग देऊन डोंगर, दलदल, पाणी दाखविलें. पुढें प्रशियांतील फॉन राइस्वित्झ नांवाच्या पितापुत्रांनीं घरेंच पुसून टाकलीं. पित्यानें भूप्रदेशाचा नमुना मांडलेलें टेबल राजाला दाखविलें. पुत्र सैन्यांत अधिकारी होता, त्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचे नियम छापून काढले. या नियमांत फांसे आले आणि पंच आला. रणांगणावर दैवाचाहि वांटा असतो, म्हणून गोळीबार किती लागला हें फांशांनीं ठरावयाचें; आणि टेकडीपलीकडील शत्रु सेनापतीला दिसत नाहीं, म्हणून कोणाला काय दिसतें हें पंचानें सांगावयाचें. जनरल म्युफ्लिंग यांना हा खेळ इतका पसंत पडला कीं, सर्व सैन्यानें त्याचा अभ्यास करावा अशी त्यांनीं शिफारस केली. येथवर ही अधिकाऱ्यांची शाळाच होती. मौजेचा भाग थोडा.

मौज आणली ती ग्रंथकारांनीं. 'ट्रेझर आयलंड' या पुस्तकाचा कर्ता स्टीव्हन्सन फुप्फुसाच्या विकारानें स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें राहिला असतां १८८१-८२ च्या हिवाळ्यांत आपल्या सावत्र मुलाबरोबर कथलाचे शिपाई मांडून तासन् तास लढत असे. १८९३ सालीं ब्रिटन्स नांवाच्या लंडनच्या कारखान्यानें आंतून पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली, त्यामुळें शिसें कमी लागून शिपाई स्वस्त झाले. आणि १९१३ सालीं एच्. जी. वेल्स यांनीं 'लिटल वॉर्स' हें छोटेखानी पुस्तक लिहून या खेळास घरोघरचे नियम दिले. पायदळानें एका चालींत एक फूट सरावयाचें, घोडदळानें दोन फूट. आणि तोफ म्हणजे खरोखरच लांकडी गोळी फेंकणारी स्प्रिंगची खेळण्यांतील तोफ. जमिनीवर पालथें पडून नेम धरावयाचा व जे शिपाई पडतील ते मेले! खेळाडूची वयोमर्यादा वेल्स यांनीं विनोदानें दीडशें वर्षांपर्यंत ठेविली आहे.

आतां प्रत्यक्ष साहित्याकडे वळूं. सर्वांत प्रचारांत असलेला पुतळा सुमारें २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित् उंच असतो. कारागीर प्रथम लुकणासारख्या मऊ पदार्थाचा मूळ पुतळा घडवितो. तो रबराच्या दोन चकत्यांमध्यें दाबून तापविला कीं रबरांत त्याचा ठसा उठतो. मग ती चकती गरगर फिरवीत मध्यें वितळलेला धातु ओततात, व तो आपोआप कडेच्या सांच्यांत शिरतो. पूर्वीं या धातूंत शिसें पुष्कळ असे. शिशाचें विष ओळखल्यापासून कथलाचाच भाग अधिक घालतात, आणि प्लॅस्टिकचे पुतळेहि आतां विपुल झाले आहेत. तरी 'शिसें' हें नांव कांहीं सुटत नाहीं. घरीं आणलेला पुतळा कानशीनें साफ करावा, साबणाच्या पाण्यानें धुवावा, अस्तर द्यावें, रंगवावा. नंतर पातळ काळसर रंग वरून सोडला म्हणजे तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो व लांबूनहि चेहरा उठून दिसतो. असें एकेकास निदान तासभर लागतो.

याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावा. एका पुतळ्यानें वीस माणसें दाखवावयाचीं असें ठरविलें, तर सहाशें लोकांच्या पलटणीस ३० पुतळे लागतात. आठ पलटणी म्हणजे २४० पुतळे, म्हणजे २४० तास. घोडेस्वारास दुप्पट वेळ धरून ६० स्वारांचे १२० तास. एकूण ३६०. नोकरी व घर संभाळून आठवड्यास सहा तास मिळाले, तर साठ आठवडे, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, एकच बाजू तयार करण्यांत जातो! म्हणूनच या लोकांच्या घरीं विकत आणून न रंगविलेल्या पुतळ्यांच्या पेट्या साठत जातात. त्या सांठ्यास ते आपसांत शिशाचा डोंगर म्हणतात, आणि भेटीचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो कीं, यंदां डोंगर किती उतरला? खरें उत्तर बहुतेक वेळां तो वाढला असेंच असतें.

खेळाची गोडी कळण्यास आपल्याच भूमीवरील एक लढाई घेऊं. हल्लींच्या जालना जिल्ह्यांत असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज व आर्थर वेलस्ली यांचें इंग्रजी सैन्य यांचा संग्राम झाला. इंग्लंडांतील खेळाडू ही लढाई आवडीनें मांडतात. मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा व पोलमन नांवाच्या हॅनोव्हरच्या सरदारानें चालविलेलें कवायती पायदळ होतें, आणि समोर केळणा नदी. उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर दोन गांवें समोरासमोर वसलेलीं वेलस्लींनीं पाहिलीं. अशीं गांवें जाण्यायेण्याच्या वाटेवांचून वसत नाहींत, असा तर्क करून ते गेले आणि तेथें उतार सांपडला. पण पोलमनच्या पलटणींनीं भर लढाईच्या तोंडीं आपली सारी रांग वळवून शत्रूसमोर उभी केली. इंग्रजांस जय मिळाला, तरी त्यांचीं दीड हजारांवर माणसें मेलीं वा जखमी झालीं.

ही लढाई टेबलावर मांडावयाची कशी? कापडाची नदी घातली, गांवें मांडलीं, पुतळे उभे केले. पण उतार कोठें आहे हें दोघां खेळाडूंनाहि पुस्तकांतून आधींच ठाऊक! मराठ्यांच्या बाजूचा खेळाडू पहिल्याच चालींत तेथें तोफा नेऊन ठेवील आणि खेळ संपेल. यावर नाना तोडी काढतात. कोणी नदीवर तीनचार संशयित जागा ठेवून खरा उतार फांशानें ठरवितात. कोणी दोघांकडून आगाऊ लेखी हुकूम घेतात व पंच ते हुकूम उघडतो. कोणी गांवांचीं नांवेंच बदलून ही लढाई दुसऱ्या देशांतली म्हणून मांडतात, आणि खेळ संपल्यावर रहस्य सांगतात. माझ्या मतें या खेळांतील खरी विद्या येथें आहे. इतिहासाच्या तासास आपण सेनापतीच्या चुका फार सहज दाखवितों. त्याला त्या क्षणीं काय ठाऊक होतें व काय नव्हतें, हा विचार टेबलावर आपली पलटण बुडाल्यावर सुचतो. १९४२ पासून लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनीं नौदलांतील तरुण स्त्रियांच्या साहाय्यानें जमिनीवर खडूच्या रेघा ओढून व लहान जहाजें मांडून जर्मन पाणबुड्यांचे डाव असेच उलगडले, आणि पुष्कळ नौकाधिकाऱ्यांना तेथें शिकविलें.

परंतु या खेळाची मोठी अडचण धन किंवा वेळ ही नव्हे. अडचण शत्रु मिळण्याची आहे. गांवांत असा छंद असलेला मनुष्य बहुधा एकटाच असतो, आणि शेजाऱ्यांस त्याचें हंसूं येतें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील जॅक स्क्रबी यांनीं १९५७ सालीं 'वॉर गेम डायजेस्ट' नांवाचें लहान त्रैमासिक काढलें, तेव्हां दूरदूरच्या एकट्या खेळाडूंस एकमेकांचे पत्ते कळले. इंग्लंडांत डोनल्ड फेदरस्टोन यांनीं हें काम उचललें. ते साउदॅम्प्टन येथें अंगमर्दनादि उपचार करणारे व्यावसायिक होते. तेथेंच १९६१ सालीं त्यांनीं इंग्लंडांतील या छंदाचें पहिलें संमेलन भरविलें, १९६२ सालीं 'वॉर गेम्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षापासून १९८० पर्यंत एक वार्तापत्र चालविलें. ज्यांना तरीहि कोणी भेटेना, त्यांच्यासाठीं एकट्यानें खेळण्याचे नियम सांगणारें एक पुस्तकहि त्यांनीं १९७३ सालीं लिहिलें!

त्या बीजाचा आतां वटवृक्ष झाला आहे. लंडनचें 'सॅल्यूट' संमेलन १९७२ पासून भरत आलें आहे. अमेरिकेंत 'हिस्टॉरिकॉन' कित्येक दिवस चालतें. तेथें एखादा गृहस्थ वर्षभर खपून केलेलें टेबल मांडतो व ज्याला इच्छा असेल त्या अनोळखी माणसाच्या हातीं आपली सेना देतो. काच तडकेल इतक्या जपून रंगविलेले पुतळे परक्याच्या हवालीं करणें हें लहानसें औदार्य नव्हे.

आणि मग बोलणें सुरू होतें. प्रथम रंगाचें: अमक्या पलटणीची कॉलर पिवळी कीं भगवी? दुसऱ्या चालीपर्यंत तें घरावर येतें. गेल्या वर्षीं गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून वाकतां येत नाहीं. डोळ्यांचा मोतीबिंदु काढला, आतां बटणें पुन्हा दिसूं लागलीं. मुलगी परदेशीं गेली. हात थोडा कांपतो, म्हणून यंदां फक्त घोडेच रंगविले. पुष्कळ पुरुषांस समोरासमोर बसून आपलें दुःख सांगतां येत नाहीं. मध्यें टेबल असलें, नजर पुतळ्यावर असली आणि फांसे हातांत असले म्हणजे तें सांगतां येतें. २०२० सालीं कोविडच्या साथीमुळें हीं संमेलनें भरलीं नाहींत, आणि 'सॅल्यूट' पुन्हा भरण्यास २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. त्या काळांत कित्येकांनीं टेबलावर कॅमेरा टांगून दुसऱ्या गांवच्या मित्राच्या सांगण्यावरून त्याचे पुतळे स्वतः हालविले. तसे करूनहि परत भेटल्यावर पहिल्या तासांत कोण आलें आणि कोण आतां येणार नाहीं, याचीच मोजदाद चालली असेल, तर नवल नाहीं.

युद्धाचा खेळ खेळावा काय, असा प्रश्न कोणी गंभीर विद्यार्थी विचारील, आणि त्यानें तो विचारावाच. वेल्स यांचें म्हणणें असें कीं, ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्या राजांना व सेनापतींना एका दालनांत हीं खेळणीं देऊन कोंडावें आणि बाकीच्यांना सुखानें जगूं द्यावें. त्या पुस्तकानंतर पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. खेळण्यांनीं तें थांबलें नाहीं. दुसरीकडे फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धांत रणगाडा-दलांत लढले होते, आणि १९६७ सालीं या खेळावर 'चार्ज' हें पुस्तक लिहिणाऱ्या दोघांपैकीं ब्रिगेडियर पीटर यंग हे कमांडो-दलाचे नांवाजलेले वीर. ज्यांनीं खरी लढाई पाहिली तेच हा खेळ इतक्या प्रेमानें खेळले. यावरून हा खेळ माणसाला रक्तपिपासु करतो असें मला म्हणवत नाहीं. तथापि खेळाडूंतहि कांहीं जण आपल्या हयातींतील युद्धें टेबलावर मांडीत नाहींत. ज्यांच्या विधवा अद्याप जिवंत आहेत त्यांच्यावर फांसे टाकूं नयेत, ही त्यांची भावना मला योग्य वाटते.

इंग्लंडांतील बहुतेक संमेलनांत एका कोपऱ्यांत जुन्या वस्तूंचें टेबल असतें; ज्यानें त्यानें आपली नको असलेली सेना आणावी, किंमतीची चिठी लावावी, आणि संस्थेनें थोडी दलाली ठेवून ती विकावी. येथें कधीं कधीं एखाद्या मृत खेळाडूची संबंध फौज येते. पत्नीला किंवा मुलाला तिचें मोल ठाऊक नसतें. मग त्याचेच जुने प्रतिस्पर्धी पेट्या उघडून पलटणी लावतात, मोडलेल्या संगिनी चिकटवितात व रास्त किंमत ठरवून देतात. पुतळ्यांच्या तळाशीं बारीक अक्षरांत पलटणीचें नांव व रंगविल्याचें साल लिहिलेलें असतें. ज्या मित्राशीं तीस वर्षें लढला, त्याची एखादी पलटण कोणी विकत घेऊन घरीं नेतो, आणि तिचा रंग तसाच ठेवून आपल्या सेनेंत उभी करतो.