मुलांच्या हातचा मुखवटा



शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले, की एखाद्या संध्याकाळी मूल एक चिठ्ठी घेऊन घरी येते. आपल्या पाल्यास वानराचे काम दिले आहे, तरी मुखवट्याची व्यवस्था करावी, असा तिच्यातील मजकूर असतो. मग आई बाजारात जाते आणि रबरी दोरी लावलेला प्लॅस्टिकचा एक वानर विकत आणते. मूल तो पाच मिनिटे घालते. आत घाम येतो, म्हणून कपाळावर सरकवून ठेवते. प्रत्यक्ष प्रयोगाच्या दिवशी रामाच्या सैन्यातील तीस वानर एकाच साच्यातून निघालेले सख्खे भाऊ शोभतात. प्रेक्षकांत बसलेल्या आईबापांना आपला वानर कोणता, हे त्याच्या पायांतल्या मोज्यांवरून ओळखावे लागते!

मी काही वर्षे शाळेतील मुलांची नाटके बसवीत आलो आहे, आणि मुखवटे मुलांकडूनच करवून घेत आलो आहे. त्यात ज्या चुका झाल्या, त्यांपैकी दोन आज सांगावयाच्या आहेत. परंतु तत्पूर्वी, मुखवटा म्हणजे काय वस्तू आहे, याचा थोडा विचार करू.

दिवाणखान्यात खिळ्याला टांगावयाचा मुखवटा निराळा आणि रंगमंचावरचा निराळा. पहिला आपण हातभर अंतरावरून पाहतो. दुसरा तीस-चाळीस फुटांवरून, वरून-खालून पडणाऱ्या उजेडात आणि सतत हलताना पाहतो. त्यावर नाजूक रेघा, बारीक छटा काढल्या तरी तितक्या अंतरावरून त्या दिसत नाहीत. दिसतात ते उंचवटे आणि खळगे, म्हणजेच उजेड आणि सावली. जपानातील नो नाटकाच्या कारागिरांनी ही विद्या पराकाष्ठेस नेली. हिनोकी नावाच्या सुरूच्या जातीच्या लाकडाचा तो मुखवटा पाहावा तर चेहऱ्यावर धड हसू नाही, धड रडू नाही. परंतु नटाने मान किंचित वर केली, की तोच चेहरा उजळतो. किंचित खाली झुकविली, की त्यावर मळभ येते. या दोन हालचालींना त्यांच्या भाषेत ‘तेरासु’ आणि ‘कुमोरासु’ अशी नावेच आहेत. पहिलीचा अर्थ उजळविणे, दुसरीचा झाकोळणे. म्हणजे मुखवट्याचा चेहरा गोठलेला असतो, ही समजूत अर्धीच खरी.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाच्या अध्यायात मुखवट्याची कृती दिलेली आहे. कापडावर बेलाचा लगदा लावावा, त्यात राख किंवा भाताचे तूस मिसळावे, तो फार जाड नसावा, फार पातळही नसावा, नीट वाळवावा आणि मग धारदार हत्याराने त्याला छिद्रे पाडावीत, असा त्या सांगण्याचा आशय आहे. आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या आजीने ही विद्या नाटकाचे नावही न काढता घरी चालविलेली आहे. रद्दी कागद चार दिवस भिजत घालावयाचा, उखळात कुटावयाचा, त्यात भिजलेल्या मेथ्या वाटून घालावयाच्या आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करावयाची. मेथीचा चिकटपणा लगद्यास धरून ठेवतो आणि तिच्या कडवटपणामुळे किडा लागत नाही, असा तिचा अनुभव असे. पातेल्याऐवजी मातीचा चेहरा ठेवला, की झाला मुखवटा.

मुखवट्यांचे खरे नाट्य पाहावयाचे असेल, तर मुंबईहून फार लांब जावयास नको. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव बोहाडा होतो. त्यास कोठे भवाडा असेही म्हणतात. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगे येतात: गणपती, शारदा, नरसिंह, रावण आणि अखेरीस देवी व महिषासुर. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. संवाद जवळजवळ नाहीतच. पुढे-मागे पडणारी पावले आणि मानेची झटक हेच त्यांचे भाषण. बऱ्याच गावी अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा मान ठरलेला असतो, म्हणून तो मुखवटा घरात देवासारखा जपला जातो. विजेच्या झगझगीत दिव्याखाली हेच मुखवटे पाहिले, तर रंग भडक वाटतात. टेंभ्याच्या हलत्या ज्योतीत मात्र महिषासुराचे डोळे फिरल्याचा भास होतो. रंग कोणत्या उजेडासाठी लावावयाचा, हे करणारास पक्के ठाऊक असते.

मुलांना शिकविण्यासाठी मी जी पद्धत वापरतो, ती मात्र बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील चाडिदा गावच्या सूत्रधार कारागिरांची, थोडी सोपी केलेली. पुरुलियाच्या छाऊ नृत्याचे मुखवटे ते करतात. छाऊचा समावेश युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केला, आणि २०१८ साली या मुखवट्यांस भौगोलिक मानांकन मिळाले. प्रथम मातीचा चेहरा घडवितात. त्यावर बारीक राख भुरभुरतात, म्हणजे कागद मातीस चिकटत नाही. मग खळीत भिजविलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर. त्यावर पुन्हा मातीने नाक-डोळे ठसठशीत करून, चिखलात बुडविलेले कापड बसवितात आणि लाकडी थापीने घोटतात. वाळल्यावर आतील माती काढून टाकली, की हातात हलके कवच राहते. छाऊचा नर्तक हे कवच तोंडावर बांधून हवेत उड्या घेतो, गुडघ्यांवर पडतो, गिरक्या मारतो. हलकेपणा नसता, तर हे शक्यच नव्हते.

आता घरच्या कृतीकडे वळू. गणपतीच्या वेळचा शाडूचा गोळा उरला असेल, तर तो उत्तम. मुलाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोऱ्याने माप घ्यावे. पाटावर त्या मापापेक्षा बोटभर मोठा उंचवटा करून त्यातून चेहरा काढावा. एक पथ्य पाळावे: नाकाखाली किंवा हनुवटीखाली आत वळलेली कपार ठेवू नये, नाही तर वाळलेला कागद साच्यात अडकून बसतो आणि ओढताना फाटतो. वाटीभर मैद्यात पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळीत शिजवावे; पारदर्शक झाली, की खळ झाली. चमचाभर मेथीची पूड घालावी. बुक बाइंडर खळीत मोरचूद घालतात. परंतु ते विष आहे, मुलांच्या हातांत ती खळ देऊ नये.

कागद कात्रीने कापू नये, फाडावा. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहून शेजारच्या तुकड्यात मिसळतात; कापलेल्या कडेची रेघ शेवटपर्यंत दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे पाहून मुलांस मोठी गंमत वाटते. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून बसवावा. पुढचे सहा-सात खळीचे. एक थर मराठी वर्तमानपत्राचा आणि दुसरा इंग्रजीचा, असे आलटूनपालटून लावले, म्हणजे कोठे जागा राहिली, हे मुलास आपोआप कळते. मास्तरांनी ओरडावयास नको. निम्मे थर झाले, की दिवसभर वाळू द्यावे. सगळे एकदम लावले, तर वरून कोरडे वाटले तरी आत ओल राहते आणि बुरशी धरते.

कित्येक उत्साही मंडळी मुलाच्या तोंडावरच प्लॅस्टर ऑफ पॅरिस लावून साचा घेतात. तसे कृपा करून करू नये. हे प्लॅस्टर घट्ट होताना तापते. जाड थर असला, तर साठ अंश सेल्सिअसपर्यंतही जाते. शिवाय घाबरलेल्या मुलाचा श्वास कोंडतो तो निराळाच.

रंगांबद्दलही एक इशारा द्यावयाचा आहे. जुने म्हणून सगळेच निर्धोक नसते. पारंपरिक शेंदुरात शिसे असते, हिंगुळात पारा, हरताळात सोमल. हे तिन्ही रंग रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. मुलाच्या नाका-ओठांशी टेकणाऱ्या मुखवट्यावर मात्र नकोत. खडूची पूड डिंकात कालवून पांढरा हात द्यावा. त्यावर गेरू, पिवडी, काजळी, एवढ्यावर अर्धी रामायण-महाभारते रंगतात. वर चकचकीत रोगण फासू नये. दिव्याखाली ते आरशासारखे चमकते आणि चेहरा नाहीसा होतो.

येथवर हाताचे काम झाले. आता शिकविण्याचे.

मुलांसमोर चित्र ठेवून ‘असा राक्षस करा’ म्हटले, की वर्गात तीस सारखे राक्षस तयार होतात. त्यापेक्षा प्रथम त्यांना डोळे मिटून स्वतःच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवावयास सांगावे. भुवईचे हाड कोठे आहे, गाल कोठे संपतो, हनुवटी कोठे वळते? मुले बहुधा डोळे फार वर काढतात; डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असतात, हे बोटांनी मोजल्यावरच त्यांना पटते. मग विचारावे, ‘राग कोठे असतो?’ कोणी भुवया म्हणते, कोणी नाकपुड्या. एक मुलगा मला म्हणाला होता, ‘आमच्या बाबांचा राग दाढेत असतो.’ त्याने केलेल्या दुर्योधनाच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी लिंबाएवढे उंचवटे होते, आणि शेवटच्या रांगेतूनही तो दुर्योधन दात खाताना दिसत होता.

माझी पहिली चूक येथलीच. एका नाटकात नऊ वर्षांच्या मुलीने त्राटिका केली. भुवया वर चढलेल्या, तोंड लहानसे, एक गाल बसका. मला ती राक्षसीण काही केल्या भयंकर वाटेना. प्रयोग उद्यावर आलेला. मी रात्री बसून तिला सुळे लावले, भुवया खाली ओढल्या, गाल भरून काढला. सकाळी मुलगी आली, रांगेतले सगळे मुखवटे तिने पाहिले आणि विचारले, ‘माझा कोठे आहे?’ मी दाखविला. ती काही बोलली नाही. प्रयोगात तिने तो घातला, सांगितल्या जागी उभी राहिली आणि सांगितल्या वेळी पडली. तालमीत हीच मुलगी दबकत, हुंगत, कान टवकारीत येत असे. कारण तिची त्राटिका आपल्या अरण्यात परके लोक शिरल्यामुळे बिथरलेली होती. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले, तेही मी विचारले म्हणून. तेव्हापासून मी एक नियम करून घेतला आहे. मोठ्याचा हात लागावयाचा तो फक्त चाकूला, नाडीला आणि आतल्या कापडाच्या घडीला. बाहेरची बाजू मुलाची.

दुसरी चूक डोळ्यांच्या छिद्रांची. जांबुवानाचे डोळे बारीक शोभतात म्हणून मी बारीकच भोके पाडली. तालमी मुखवट्याविना झाल्या. प्रयोगाच्या दिवशी जांबुवान मारुतीची स्तुती करीत पुढे आला आणि व्यासपीठाच्या कडेवरून खाली पडला. हनुवटीस तीन टाके पडले. यात दोष सर्वस्वी माझा होता. नो नाटकातील नटासही भोकांतून फारच थोडे दिसते, पण त्याच्या रंगमंचास खांब असतात, आणि दर्शनी कोपऱ्यातील एका खांबावर नजर ठेवून तो आपली जागा ओळखतो. आमच्या व्यासपीठास खांब कोठले? आता मी कडेपासून दोन हातांवर जाड सुंभ ठोकतो. मुलाच्या अनवाणी पायास तो लागतो. आणि छिद्रे मुखवट्याच्या बुबुळांतच पाडली पाहिजेत, असेही नाही. ती भुवईच्या सावलीत किंवा नाकपुड्यांत लपविता येतात. पाहणाऱ्यास रंगविलेले डोळे दिसतात, मूल खालच्या भोकांतून पाहते. दोन बुबुळांमधील अंतर मात्र त्या त्या मुलाचे मोजून घ्यावे.

भाषणे पुष्कळ असतील, तर अर्धाच मुखवटा करावा. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत. इटलीच्या जुन्या कोमेदिया देल्लार्ते नाटकांत चामड्याचे असेच अर्धे मुखवटे असत, म्हणून नट खुशाल बडबडू शकत. पूर्ण मुखवट्यात आवाज आतल्या आत घुमतो. बोलणाऱ्यास तो मोठा वाटतो, ऐकणाऱ्यास अस्पष्ट. आत कपाळाशी आणि दोन्ही गालांशी कापडाच्या घड्या शिवाव्यात, म्हणजे कागद त्वचेस टेकत नाही आणि वारा खेळतो. आणि निदान आठवडाभर तालीम मुखवटा घालूनच व्हावी. त्या आठवड्यात मुलांस आपोआप कळते, की नुसती बुबुळे फिरवून काही होत नाही. ज्याच्याकडे पाहावयाचे, त्याच्याकडे नाक वळवावे लागते.

प्रयोग संपल्यावर मुखवटे एकात एक रचून ठेवू नयेत. घाम वाळण्यासाठी दोन दिवस हवेवर टांगावेत, मग कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोरड्या डब्यात ठेवावेत, म्हणजे कसर लागण्याचे भय कमी होते. शाडूचा चेहरा बादलीत पाण्यात टाकावा. रात्रभरात तो विरघळतो. सकाळी वरचे पाणी ओतून गोळा मळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, की धाकट्या भावंडासाठी माती तयार.