विश्लेषण : परदेशातला मित्र ‘ईयर टेन’मध्ये, मग त्याचं वय किती? देशोदेशींच्या इयत्तांचं आणि मार्कांचं गणित काय?

ऑनलाइन गेम खेळताना नाशिकच्या मुलाची लंडनच्या मुलाशी ओळख झाली. तो म्हणाला, ‘मी ईयर टेनमध्ये आहे.’ नाशिककराने लगेच ठरवलं, म्हणजे हाही दहावीत, आपल्याच वयाचा. प्रत्यक्षात लंडनचा मुलगा आपल्याकडच्या नववीच्या वयाचा निघण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतला ‘टेन्थ ग्रेड’चा मुलगा मात्र दहावीच्याच वयाचा असतो आणि फ्रान्समधला ‘तिसरी’तला मुलगा चक्क १४ वर्षांचा! ही नुसती गंमत नाही. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला कोणत्या वर्गात बसवायचं, हे याच गणितावर ठरतं. त्या वर्गात ते मूल ‘हुशार’ ठरतं की ‘मागे पडलेलं’, यातही या गणिताचा मोठा वाटा असतो.

इयत्तेचा आकडा आणि वय यांचं नातं काय?

भारत आणि अमेरिकेसाठी ढोबळ नियम एकच आहे : इयत्तेत पाच मिळवा. दहावी म्हणजे साधारण १५ वर्षं. इंग्लंडमध्ये चार मिळवावे लागतात. तिथे मूल चार वर्षांचं झालं की पुढच्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’ वर्गात जातं आणि पाच पूर्ण झाल्यावर ‘ईयर वन’मध्ये. त्यामुळे ईयर टेन सुरू होताना मूल १४ वर्षांचं असतं. आपल्या दहावीशी वयाने जुळतो तो ईयर इलेव्हन, ज्याच्या शेवटी जीसीएसई परीक्षा होते.

ब्रिटनमध्येही सगळीकडे हेच गणित नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ‘ईयर वन’ चार वर्षांचं झाल्यावरच सुरू होतं, म्हणून तिथे जीसीएसईचं वर्ष ईयर ट्वेल्व्ह. स्कॉटलंडमध्ये प्राथमिकची सात वर्षं संपली की माध्यमिकची मोजणी पुन्हा एकपासून होते. तिथला ‘एस फोर’ म्हणजे साधारण आपली दहावी.

मोजणी उलटी किंवा पुन्हा पहिल्यापासून का?

फ्रान्समध्ये माध्यमिक शाळेपासून मोजणी उलटी चालते. ११व्या वर्षी मूल ‘सहावी’त जातं, मग पाचवी, चौथी आणि १४व्या वर्षी तिसरी. पुढे हायस्कूलला दुसरी, पहिली आणि सर्वात शेवटी ‘तेर्मिनाल’, म्हणजे अखेरचं वर्ष. आकडा शाळा सुरू होऊन किती वर्षं झाली ते सांगत नाही, शेवट किती जवळ आला ते सांगतो.

जपानमध्ये सहा, तीन आणि तीन वर्षांचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर मोजणी एकपासून सुरू होते. त्यामुळे ‘मी तिसरीत आहे’ असं जपानी मित्र म्हणाला तर तो आठ, चौदा किंवा सतरा वर्षांचाही असू शकतो. कुठल्या शाळेतली तिसरी, हे विचारावंच लागतं.

अमेरिकेतली अडचण वेगळीच. नववी ते बारावीला तिथे अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर आणि सीनिअर म्हणतात. पण कॉलेजच्या चार वर्षांनाही हीच नावं आहेत! म्हणजे ‘मी ज्युनिअर आहे’ म्हणणारी मुलगी १६ वर्षांची असेल किंवा २० वर्षांची.

एका दिवसाच्या फरकाने वर्ग कसा बदलतो?

प्रत्येक व्यवस्थेत एक कट-ऑफ तारीख असते. त्या तारखेपर्यंत ठरावीक वय पूर्ण झालेल्या मुलांना प्रवेश, बाकीची पुढच्या वर्षी. इंग्लंडमध्ये ही रेषा ३१ ऑगस्टला आहे. त्या दिवशी जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल पुढच्या तुकडीत सगळ्यात मोठं. अमेरिकेत तारीख राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात ती १ सप्टेंबर आहे, तर न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात जन्माचं कॅलेंडर वर्षच धरतात.

जपानमध्ये रेषा २ एप्रिल ते १ एप्रिल अशी विचित्र वाटते. कारण कायद्यात आहे. तिथे वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच वय पूर्ण झालं असं मानतात. त्यामुळे १ एप्रिलला जन्मलेलं मूल ३१ मार्चलाच सहा वर्षांचं ठरतं आणि आधीच्या तुकडीत जातं.

आपल्याकडेही एकच रेषा नाही. महाराष्ट्रात २०२०च्या शासन निर्णयानुसार पहिलीसाठी ३१ डिसेंबर ही मानीव तारीख आहे. केंद्रीय विद्यालयांत मात्र ३१ मार्चपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. समजा, एकाच सोसायटीतल्या दोन मुलांचा जन्म १५ नोव्हेंबर २०१९चा आहे. एक राज्य मंडळाच्या शाळेत जून २०२५मध्ये पहिलीत जाऊ शकतो, तेव्हा त्याचं वय पाच वर्षं सात महिने. दुसऱ्याला केंद्रीय विद्यालयातल्या पहिलीसाठी एप्रिल २०२६ची वाट बघावी लागते. जन्मतारीख एकच, तरी वर्गात एका वर्षाचं अंतर.

वर्गात सगळ्यात लहान असणं महागात पडतं का?

सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. लिहिताना बोटांवरचा ताबा, एका जागी बसण्याची क्षमता, शब्दसंग्रह या सगळ्यात तो फरक दिसतो. शिक्षक आणि पालक मात्र तुलना वर्गातल्या इतर मुलांशी करतात, वयाशी नाही.

याचा एक ठळक पुरावा २०१८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत कट-ऑफ १ सप्टेंबर होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या (म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान) मुलांमध्ये एडीएचडीचं निदान दर १० हजारांमागे ८५ होतं, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या (म्हणजे सर्वांत मोठ्या) मुलांमध्ये ६४. म्हणजे जवळपास ३४ टक्क्यांचा फरक. जिथे ही कट-ऑफ नव्हती, तिथे ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मुलांमध्ये असा लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ, काही मुलांचं वयानुरूप वागणंच आजार म्हणून नोंदलं जात असावं.

म्हणूनच इंग्लंडमध्ये १ एप्रिल ते ३१ ऑगस्टदरम्यान जन्मलेल्या मुलांच्या पालकांना वर्षभर उशिराने रिसेप्शनमध्ये घालण्याची विनंती करता येते. अमेरिकेतही अनेक पालक मुद्दाम एक वर्ष थांबतात. त्याला तिथे ‘रेडशर्टिंग’ म्हणतात. त्यामुळे अमेरिकी मित्राच्या वयाचा अंदाज एका वर्षाने चुकला तर आश्चर्य नको.

कोरियात वयच का बदललं?

दक्षिण कोरियात इयत्तेपेक्षा वयाचाच घोळ मोठा होता. पारंपरिक पद्धतीत बाळ जन्मतःच एक वर्षाचं आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकाने वाढतं. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३पासून कायद्याने सरकारी आणि दिवाणी कामांत आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय लागू झालं आणि कागदावर लोक एक-दोन वर्षांनी लहान झाले. शाळाप्रवेश, सैन्यभरती, दारू-सिगारेटची विक्री अशा बाबतींत मात्र जन्माचं वर्षच मोजतात.

तिथे वय विचारणं उद्धटपणा मानत नाहीत, कारण बोलायचं कसं हे त्यावरच ठरतं. समवयस्क असेल तर ‘चिंगू’, मोठा असेल तर दादा-ताईसारखं संबोधन आणि आदरार्थी क्रियापदं. ‘तू’ की ‘तुम्ही’ या प्रश्नात अडकणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही.

मार्कांची तुलना कशी करायची?

इथे घोळ आणखी वाढतो. ‘मला पाच मिळाले’ हे वाक्य घ्या. रशियात तो सर्वोत्तम शेरा, जर्मनीत नापास. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. स्वित्झर्लंडमध्ये नेमकं उलटं, ६ सर्वोत्तम आणि ४ला पास. फ्रान्समध्ये गुण २०पैकी असतात. अखेरच्या परीक्षेत १०ला पास आणि १६ला ‘अतिशय उत्तम’ शेरा. त्यामुळे २०पैकी १६ म्हणजे आपले ८० टक्के, असा हिशेब केला तर फ्रेंच मुलावर अन्याय होतो. इंग्लंडमध्ये जीसीएसईला २०१७पासून अक्षरांऐवजी ९ ते १ श्रेणी आली. ९ सर्वोत्तम, ४ म्हणजे साधी उत्तीर्ण श्रेणी.

आपल्याकडेही श्रेणी म्हणजे नेहमी टक्के नव्हेत. महाराष्ट्राच्या दहावीत ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य ठरलेलं आहे. सीबीएसईची ‘ए-वन’ श्रेणी मात्र त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना मिळते. एक मोजपट्टी गुण मोजते, दुसरी रांगेतली जागा.

म्हणून रूपांतर करताना नुसतं त्रैराशिक मांडून चालत नाही. पास होण्याची रेषाही धरावी लागते. परदेशी गुणांसाठी जर्मनीत वापरलं जाणारं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ तेच करतं. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. १००पैकी ७५ गुण आणि ३५ला पास असेल, तर उत्तर येतं साधारण २.१५, म्हणजे जर्मन मोजपट्टीवर ‘चांगला’. पासची रेषा ४० असती, तर त्याच ७५ गुणांचे २.२५ झाले असते.

मग वयाचा अंदाज कसा बांधायचा?

तीन प्रश्न पुरतात. मोजणी कुठून सुरू होते? कट-ऑफ तारीख कोणती? आणि मूल वर्षभर थांबलं, वर्ग पुन्हा केला किंवा एखादी इयत्ता ओलांडली, असं काही झालं का? तिन्हीची उत्तरं मिळाली तरी अंदाज एक वर्षाच्या पट्ट्यातच बसतो, त्याहून नेमका होत नाही. ऑनलाइन ओळखीत तर कुणी सांगितलेली इयत्ता हा वयाचा पुरावा समजू नये, हे मुलांना सांगायला हवं.

स्थलांतर करणाऱ्या पालकांनी तर वर्गाच्या नावावर अडून बसू नये. इंग्लंडमधल्या शाळा साधारणपणे मागची इयत्ता नव्हे, तर जन्मतारीख बघून वर्ग देतात. पुण्यात चौथी संपवलेलं मूल तिथे ‘ईयर सिक्स’मध्ये गेलं, तर ते दोन वर्षं पुढे गेलेलं नसतं; आणि परत येताना ईयर सिक्सनंतर ‘सातवी’चा हट्ट धरला, तर ते वर्गातलं सगळ्यात लहान मूल ठरू शकतं. प्रवेशाआधी शाळेला कट-ऑफ तारीख विचारा, मूल त्या वर्गात वयाने कुठे बसेल ते मोजा आणि पहिल्या सहामाहीचे मार्क वाचताना तो हिशेब लक्षात ठेवा.