गोल बसवलं म्हणजे गटकार्य झालं?

रांगा मोडा, मुलांना गोल करून बसवा, की शिकणं सुरू. मुलांमध्ये अंतर ठेवलं की शिकणं तुटलं. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयानंतर मूल स्वतः करून ज्ञान रचतं या विचाराचं, म्हणजे ज्ञानरचनावादाचं, वारं अहमदपूरसारख्या तालुक्यांपर्यंत आलं आणि पुष्कळांनी त्यातून एवढंच उचललं. ज्यांचा आदर्श घेतला त्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत मुलांच्या हातात साहित्य होतं, करायला काम होतं. नक्कल मात्र झाली ती बैठकीची. सहा जणांचा एक गोल डोळ्यांसमोर आणा. दोघांची फळ्याकडे पाठ, दोघांच्या माना वाकड्या. बाई फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहितात. पाठमोरं मूल वळतं, छेद वाचतं, पुन्हा वहीकडे वळेपर्यंत अंश विसरतं. बरं, बेरीज ज्याची त्याने आपापल्या वहीत करायची. मग यात गटाचं काम कुठलं? इंग्लंडमधल्या प्राथमिक वर्गांचं निरीक्षण करून मॉरिस गाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हेच नोंदवलं होतं: मुलं गटात बसतात, काम बहुतेक वेळ एकेकटीच करतात.

यावर प्रयोगही जुनाच आहे. केव्हिन व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे दोन वर्ग आधी टेबलांभोवती, मग रांगांत, मग पुन्हा टेबलांभोवती बसवले. रांगांत कामातलं लक्ष वाढलं, टेबलांवर परतताच घसरलं. सर्वांत जास्त फरक पडला तो मुळात लक्ष न लागणाऱ्या मुलांना. २००८मध्ये वॉनार्का आणि रूल यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून तेच सांगितलं: एकट्याच्या कामाला रांगा, बोलून करायच्या कामाला गट. म्हणजे बैठक कामावरून ठरवायची असते, फॅशनवरून नव्हे.

‘पण अर्धवर्तुळात मुलं जास्त प्रश्न विचारतात ना?’ हो, विचारतात. जर्मनीतल्या चौथीच्या एका वर्गात तसं आढळलं आहे. मागचा बाकच नको म्हणणाऱ्या ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या मल्याळम चित्रपटानंतर २०२५मध्ये केरळ-तमिळनाडूत या बैठकीचा बोलबाला झाला, तोही समजण्यासारखा आहे. फक्त टेप घेऊन मोजा. चाळीस मुलांना चार फुटी वीस बाक, म्हणजे ऐंशी फूट. वीस बाय पंचवीसच्या खोलीच्या तीन भिंती मिळून जेमतेम सत्तर फूट, त्यातून दार आणि कोपरे वजा. उरलेल्यांसाठी दुसरी ओळ लावावीच लागते. मागचा बाक गेला नाही, नुसता वाकला.

आता अंतराचं. सहा फूट हा आकडा अजून शिकण्याच्या चर्चेत घुसतो. तो आला कोविडच्या साथीतून: जुलै २०२१मध्ये ग्रामीण भागातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडताना एका बाकावर एक मूल आणि दोन बाकांत सहा फूट असा नियम होता, म्हणून वर्गात पंधरा-वीसच मुलं बसत. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेने तर त्याच वर्षी मार्चमध्ये, मास्क असतील तर, बहुतेक वर्गांसाठी तो आकडा तीन फुटांवर आणला होता. अभ्यासाला यातलं काहीच लागत नाही. शेजाऱ्याचं कोपर वहीवर येऊ नये आणि बाईंना प्रत्येक बाकापर्यंत चालत जाता यावं, एवढी फट पुरते. चर्चा हवी तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं; चौघांचा गट तयार होतो, एकही बाक न सरकवता. बस्करवर बसणाऱ्यांना तर बूड फिरवायचाच अवकाश.

बाकीचे समज किरकोळ. ‘पुढे बसणारी मुलंच हुशार’: अ‍ॅडम्स आणि बिडल यांना १९७०मध्ये दिसलं की शिक्षकांचा संवाद मुळात पुढच्या आणि मधल्या मुलांशीच जास्त होतो. ‘नागमोडी बैठकीने कॉपी थांबते’: शेजाऱ्याची वही दिसणं थांबतं, खिडकीतून येणारी चिठ्ठी नाही. नांदेडमध्ये श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची अख्खी मोहीम काढावी लागली, ती बाक कमी पडले म्हणून नव्हे.