कोंबडीचं कवच रात्री बनतं

तुमच्यापैकी काहींनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत, आणि काहींच्या घरी मुलं त्यासाठी हट्ट धरून बसली आहेत. आजचं बोलणं दोघांसाठी.

आमच्याकडे टेक्सासमध्ये चार कोंबड्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात अंडं उचललं की बोट आत जायला लागलं. एकदा तर नुसत्या कातडीतलं, पाण्याच्या फुग्यासारखं अंडं मिळालं. धाकटी रडकुंडीला आली, "बाबा, ती आजारी आहे का?" आजारी नव्हती. आमचा लाड नडला होता.

हिशेब साधा आहे. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. लेयर फीडमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे ४ ग्रॅमहून थोडं जास्त, आणि त्यातलं निम्मंच कवचापर्यंत पोचतं. काठावरचं बजेट! त्यात आम्ही रोज उरलेला भात आणि पोळीचे तुकडे घालत होतो. पोट त्यानेच भरायचं, फीड तसंच राहायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. कवच चढायला जवळपास २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी झोपलेली असताना. बारीक पूड तोवर आतड्यातून निघून गेलेली असते. मग ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. शिंपल्यांचा जाडसर चुरा मात्र पेट्यात (हो, कलेजी-पेट्यातला तोच पेटा) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून दुकानातून ऑयस्टर शेल आणा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती संध्याकाळी येऊन खाते. फीडमध्ये मिसळू नका, कारण अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना जास्तीचं कॅल्शियम बाधतं. शेजारीच मिळणारं ग्रॅनाइटचं ग्रिट वेगळं. ते दाणे दळायला, त्यात कॅल्शियम नाही. मी पहिल्यांदा तेच घेऊन आलो होतो!

उन्हाचाही वाटा असतो. कोंबडी धापा टाकते, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. सावली आणि गार पाणी हवंच.

घरची टरफलं धुऊन, ओव्हनमध्ये भाजून, चुरून घातली तरी चालतात. पण ब्रिटनमधल्या श्रोत्यांनो, थांबा! तिथे स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं परसातल्या कोंबड्यांना घालायला कायद्याने बंदी आहे, टरफलंसुद्धा. पूर्ण व्हीगन घर असेल तरच सूट.

आणि कोंबडी शेपूट पाडून ताठ उभी राहिली, कुंथत असली, खाईनाशी झाली, तर अंडं आत अडकलेलं असू शकतं. कॅल्शियम कमी पडल्यावर हे होतं आणि जिवावर बेततं. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कोंबडी बघत नाहीत, तेव्हा आपल्या भागात कोण बघतं ते आजच फोन करून विचारून ठेवा.