भोगीचं जेवण, मुलांच्या मदतीनं!

‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ असं आपल्याकडे म्हणतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ किंवा १४ जानेवारीला, हा बेत मुलांसोबत करून पाहा!

मुलांचं काम: मटार, पावटा, ओला हरभरा सोलणं. पावटा नाही मिळाला, तर मटार वाढवा.

तुमचं काम: वांगी-गाजरं चिरून सगळं तेलात परता. गोडा मसाला, मीठ, पाणी घालून शिजवा. शेवटी तीळ-शेंगदाण्याचं कूट आणि थोडा गूळ.

भाकरी: बाजरीची भाकरी थापली की वर तीळ मुलांना लावू द्या. तव्याजवळ मात्र तुम्हीच थांबा.

एरवी भाजी पाहून नाक मुरडणारं मूलही ‘हे दाणे मी सोललेत!’ म्हणत घासभर तरी चाखेल. वाढण्याचा मानही त्यालाच द्या!