२२ अक्षरांची ढवळाढवळ

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं. त्यापुढे २२ अक्षरांची किंमत ती काय? पण एवढ्याच लांबीचा आरएनएचा एक तुकडा गालाच्या आतल्या पेशीला वाढत राहायचं की वेळेवर मरायचं, या निर्णयात हात घालतो. त्याचं नाव मायक्रोआरएनए.

तो सापडला तोही कुठे? मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जंतात! व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन या जंताच्या वाढीचं वेळापत्रक कसं बिघडतं ते शोधत होते. अँब्रोस ज्या जनुकाच्या मागे होते त्यातून प्रथिन निघतच नव्हतं. निघत होता २२ अक्षरांचा आरएनए. रुव्हकन यांच्याकडे दुसरं जनुक होतं. दोघांची अक्षरं शेजारी ठेवली तर काय, जोड्या जुळल्या, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १९९३ साली हे छापून आलं. मग काय झालं? काहीच नाही. ही त्या जंताचीच काहीतरी खोड, असं धरून बहुतेकांनी पान उलटलं.

२००० साली रुव्हकन यांना असाच आणखी एक तुकडा माणसापर्यंत बहुतेक सगळ्या प्राण्यांत सापडला. नाव लेट-७. कोट्यवधी वर्षं तो जवळपास जसाच्या तसा टिकून होता! आता माणसात असे हजाराहून जास्त तुकडे ठाऊक आहेत. अँब्रोस आणि रुव्हकन यांना नोबेल मिळायला मात्र २०२४ उजाडलं.

हा मायक्रोआरएनए करतो काय? उडुप्याचं हॉटेल आठवा. वेटर ऑर्डरची चिठ्ठी आत देतो आणि चिठ्ठी पाहून डोसा पडतो. पेशीत जनुकं केंद्रकात बसून असतात, बाहेर जाते ती त्यांची चिठ्ठी, आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. मायक्रोआरएनए अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून या चिठ्ठ्या चाळतो. स्वतःच्या टोकाच्या सहा-सात अक्षरांशी चिठ्ठीचा मजकूर जुळला की झालं: तिच्यावरून प्रथिन बनणं थांबतं किंवा चिठ्ठीच फाटते. जनुक शाबूत, मजकूर बिनचूक, तरी डोसा टेबलावर येत नाही! शिवाय जुळायला हवीत सहा-सातच अक्षरं, म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो निरनिराळ्या चिठ्ठ्या अडवतो. माणसाच्या निम्म्याहून जास्त जनुकांवर या मंडळींची नजर आहे.

आता तोंडात येऊ. गुटखा, तंबाखू-चुना, मिश्री, सुपारी यांच्या माऱ्याने पेशीतला डीएनए बिघडतो, हे आपण ऐकून असतो. त्याच वेळी चिठ्ठ्या अडवणाऱ्यांची संख्याही बदलते, हे फारसं कानावर येत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मिर-२१ हा मायक्रोआरएनए भरमसाट वाढलेला दिसतो. तो कोणत्या चिठ्ठ्या अडवतो पाहा: पेशीची वाढ आवरणाऱ्या पीटेन प्रथिनाची, आणि बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या प्रथिनाचीही. म्हणजे ब्रेक बनवायचा हुकूम सुटतो, पण ब्रेक बनत नाही.

उलट मिर-२०० या मायक्रोआरएनएंच्या कुटुंबाची संख्या बऱ्याचदा घटते, आणि मला तरी हा प्रकार जास्त थरारक वाटतो. हे कुटुंब एरवी झेब नावाच्या प्रथिनांना दाबून ठेवतं. दाब सुटला की झेब शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं प्रथिन बंद पाडतं. मग पेशी जागा सोडते आणि मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकते. एकाच जातीच्या रेणूंपैकी एक वाढला म्हणून घात होतो आणि दुसरा घटला म्हणूनही!

यापुढचं नवल लाळेत आहे. आरएनए हा नाजूक माल. लाळेतली विकरं एरवी त्याचा चटकन फडशा पाडतात. मायक्रोआरएनए मात्र प्रथिनांच्या किंवा चरबीच्या सूक्ष्म कोषांच्या आडोशाने तगून राहतो. म्हणून थुंकीच्या नमुन्यातही तो मोजता येतो. २००९ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांना तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत दोन मायक्रोआरएनए निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले. त्याच वर्षी टोरोंटोत तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचा अभ्यास झाला. पुढे कॅन्सर झालेल्या चट्ट्यांत मिर-२१ आणि त्याचे दोन सोबती आधीपासून वाढलेले होते! बहुतेक चट्टे निरुपद्रवी राहतात. नेमका कोणता उलटणार, हे सूक्ष्मदर्शकालाही सांगणं अवघड जातं, म्हणून या बातमीचं मोल.

तरी निदानाचा शेवटचा शब्द अजून बायॉप्सीचाच. कोणते मायक्रोआरएनए वाढतात नि कोणते घटतात, याच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या याद्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, आणि त्यात नवल नाही. पाश्चात्त्य देशांत हा रोग जिभेवर जास्त दिसतो, आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, तंबाखूची गोळी जिथे तासन्‌तास दाबून ठेवतात तिथे. जागा निराळी, मारा निराळा, तेव्हा तिथली यादी इथे जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. ती इथल्या लाळेवरच तपासून घ्यावी लागते.